पुढे वाढवता येत नाही, ते आधी बघ

नाशिक, रविवार

चि. ओंकार,


तुझा मेसेज सविस्तर होता, म्हणून उत्तरही सविस्तर देते. "अमुक घे" एवढं फोनवर सांगता आलं असतं, पण मग पुढच्या वेळी तुला पुन्हा कुणाला तरी विचारावं लागलं असतं. सुट्टीत केलेल्या कामाचे पैसे आणि त्यात बाबांनी घातलेली भर, अशी ही रक्कम आहे. ती कुठे आणि का जाते, हे तुला स्वतःला पटलं पाहिजे.

पाच कार्डांची यादी पाठवून तू विचारलंस, यातलं सगळ्यात भारी कोणतं? तो प्रश्न तूर्त बाजूला ठेव. माझं सगळं सांगणं एका वाक्यात मावतं: जे पुढे वाढवता येत नाही त्यासाठी आज पैसे मोज, आणि जे कमी-जास्त करता येतं त्याच्यामागे आज धावू नकोस. गेममधल्या सावल्या, गवत, पाण्यातली प्रतिबिंबं सेटिंगमध्ये जाऊन कमी करता येतात. पीसीची रॅम पुढच्या वर्षी वाढवता येते, एसएसडी बदलता येते. ग्राफिक्स कार्डावरची मेमरी मात्र बोर्डावर सोल्डर केलेली असते. आठ जीबीचं घेतलंस, की विकेपर्यंत ते आठ जीबीचंच राहणार.

सुरुवात मॉनिटरपासून कर. तुझा मॉनिटर २४ इंची, १०८०पी, ७५ हर्ट्‌झचा आहे. म्हणजे पडद्यावर साधारण २०.७ लाख पिक्सेल, आणि ते सेकंदाला ७५ वेळा बदलतात. कार्डाने १५० फ्रेम काढल्या तरी हा मॉनिटर तेवढ्या दाखवू शकत नाही. वर्षभरात १४४०पी मॉनिटर घ्यायचं तुझ्या मनात आहे. तिथे पिक्सेल ३६.९ लाख होतात, म्हणजे काम जवळपास पावणेदोन पट वाढतं. फोर-केचे ८३ लाख पिक्सेल मधल्या किमतीच्या कार्डाच्या आवाक्याबाहेरचे आहेत, त्यामुळे फोर-केच्या जाहिराती वाचण्यात वेळ घालवू नकोस. तुला कार्ड हवंय ते आज १०८०पी आणि उद्या १४४०पी नीट चालवणारं. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ तर तुझ्या यादीतलं कुठलंही कार्ड आरामात चालवेल. खरा कस सायबरपंक २०७७ आणि नव्या मोठ्या गेममध्ये लागणार आहे.

आता मेमरीकडे येते, कारण पैसे वाया जातात ते मुख्यतः तिथेच. तुझ्या यादीत नुसतं 'आरटीएक्स ५०६० टीआय' लिहिलंय. एनव्हिडियाचं हे कार्ड एप्रिल २०२५ मध्ये आलं ते दोन रूपांत, ८ जीबी आणि १६ जीबी. नाव तेच, चिप तीच. अमेरिकेतली तेव्हाची जाहीर किंमत एकाची ३७९ डॉलर, दुसऱ्याची ४२९. एएमडीचं 'आरएक्स ९०६० एक्सटी' त्याच वर्षी जूनमध्ये आलं, तेही असंच: ८ जीबीला २९९ डॉलर, १६ जीबीला ३४९. दोन्हीकडे फरक ५० डॉलरचा. आपल्याकडे दुकानात तो फरक किती पडतो ते दर आठवड्याला बघावं लागतं, पण खोक्यावरचं मोठं नाव वाचून थांबू नकोस. त्याखालची बारीक ओळ वाच.

आठ जीबी कमी पडतात तेव्हा नेमकं काय होतं? १०८०पी वर बहुतेक गेम आजही आठमध्ये बसतात. पण २०२३ पासून आलेल्या बऱ्याच मोठ्या गेममध्ये टेक्श्चर सगळ्यात वरच्या पातळीवर ठेवलं आणि रे ट्रेसिंग चालू केलं, की मेमरी भरून वाहते. तू एखाद्या गल्लीत वळतोस. भिंतीवरचं पोस्टर धुरकट दिसतं. जवळ गेलास तरी अक्षरं स्पष्ट होत नाहीत, मग एकदम होतात, आणि त्याच क्षणी सगळा पडदा जरासा अडखळतो. कोपऱ्यातला आकडा मात्र सरासरी ७० फ्रेम दाखवतच असतो. म्हणून कुठलीही चाचणी बघताना सरासरीबरोबर तळाच्या एक टक्का फ्रेमचा आकडा बघ. सरासरी ७० आणि तळाचा आकडा ५५ असेल तर गेम सुरळीत चालतो. सरासरी ७० आणि तळाचा २० असेल तर हाताला अडकल्यासारखं होतं.

तुझ्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण तुझा मदरबोर्ड बी४५० आहे. प्रोसेसर रायझन ५ ५६०० चांगला आहे, तो बदलू नकोस. पण या बोर्डाचा ग्राफिक्स स्लॉट पीसीआयई ३.० चा आहे. ५०६० टीआय आपल्या स्वतःच्या मेमरीतून सेकंदाला ४४८ जीबी डेटा ओढू शकतं. ती मेमरी भरली की उरलेला माल पीसीच्या रॅममधून, स्लॉटच्या वाटेने आणावा लागतो. हे कार्ड आठच लेन वापरतं, आणि पीसीआयई ३.० च्या आठ लेनमधून सेकंदाला जेमतेम आठ जीबी जातात. कुठे ४४८ आणि कुठे आठ! ९०६० एक्सटी सोळा लेन वापरतं, त्यामुळे तुझ्या बोर्डावर त्याला दुप्पट रुंद वाट मिळते. नव्या बोर्डावर हा फरक फारसा जाणवत नाही, तुझ्या बोर्डावर जाणवेल. आणि मुळात मेमरी पुरेशी असली, की त्या अरुंद वाटेवर गर्दी होण्याची वेळच फारशी येत नाही.

तुझ्या यादीबद्दल आता स्पष्ट सांगते.

आरटीएक्स ५०६० फक्त ८ जीबीमध्ये येतं. वीज कमी खातं, १४५ वॉट. आज छान चालेल, पण १४४०पी चा बेत असलेल्या मुलाने ते घेऊ नये.

इंटेलचं आर्क बी५८० डिसेंबर २०२४ मध्ये २४९ डॉलरला आलं आणि त्यात १२ जीबी मेमरी आहे, ही त्याची मोठी जमेची बाजू. मात्र त्याला बायोसमध्ये रिसायझेबल बार चालू असणं जरुरीचं आहे, आणि तुझ्याकडच्यासारख्या मध्यम प्रोसेसरबरोबर काही गेममध्ये ते मागे पडतं हे २०२५ च्या सुरुवातीच्या चाचण्यांत दिसलं. बजेट खरोखरच आखडलं तरच त्याचा विचार कर, आणि घेण्याआधी रायझन ५ ५६०० बरोबरच्या ताज्या चाचण्या बघ.

जुनं आरटीएक्स ३०६० तुला मित्राकडून मिळतंय म्हणतोस. २०२१ चं हे कार्ड १२ जीबीचं असेल तर अजून उपयोगाचं आहे. पण याच नावाचं ८ जीबीचंही निघालं होतं, आणि त्याचा मेमरीचा मार्ग १९२ बिटऐवजी १२८ बिटचा आहे. घेण्याआधी खात्री कर. जुन्या कार्डांमागे आणखी एक इतिहास आहे. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली, ग्राफिक्स कार्डांवर त्याचं मायनिंग करणं बंद झालं आणि रात्रंदिवस तापलेली कार्डं ढिगाने बाजारात आली. तेव्हा जुनं कार्ड घरी नेऊन बघतो असं म्हणू नकोस. विकणाऱ्याच्या समोर अर्धा तास जड गेम चालव. पडद्यावर ठिपके किंवा रेघा येतात का, पंखा घरघरतो का, तापमान किती चढतं, सगळं तिथेच बघ. मूळ बिल नसेल तर किंमत त्या मानाने पाड. आणि जीटीएक्स मालिकेतलं काही स्वस्तात मिळतंय म्हणून भुलू नकोस. 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि 'डूम: द डार्क एजेस' या गेमना रे ट्रेसिंगची सोय असलेलं कार्ड लागतंच.

म्हणजे उरली दोन, ९०६० एक्सटी १६ जीबी आणि ५०६० टीआय १६ जीबी. फक्त गेम खेळायचे असतील तर पहिलं घे. किंमत कमी, वीज १६० वॉट, आणि तुझ्या बोर्डाला सोयीचं. पण डिप्लोमासाठी ब्लेंडर शिकतोयस असं तू शेवटच्या ओळीत सहज लिहिलंस. ओंकार, ती ओळ सगळ्यात वर हवी होती. ब्लेंडरच्या रेंडरिंगमध्ये एनव्हिडियाचं कार्ड सरस ठरतं, आणि एआयची बरीचशी सॉफ्टवेअरही आधी त्याच्यासाठी लिहिली जातात. ब्लेंडर मनापासून करणार असशील, तर दुसऱ्या कार्डासाठी थोडं थांबून पैसे जमव. नुसता एक सेमिस्टरचा विषय असेल, तर पहिलं बास आहे. हे तुझं तूच ठरव, मला बरं वाटावं म्हणून नको.

अपस्केलिंगबद्दल विचारलं होतंस. डीएलएसएस असो वा एफएसआर, चित्र लहान काढून मोठं करण्याची ही युक्ती आता खरंच चांगली झाली आहे, जरूर वापर. फ्रेम जनरेशनच्या आकड्यांवर मात्र कार्ड निवडू नकोस. मधल्या फ्रेम बनवून भरल्या की चित्र गुळगुळीत दिसतं, पण तू माउस हलवल्यावर गेमने प्रतिसाद द्यायला लागणारा वेळ त्याने कमी होत नाही. मुळात ६०च्या आसपास फ्रेम मिळत असतील तर ती सोय छान, मुळात ३० असतील तर हाताला जडच वाटणार. शिवाय ती मेमरीही खाते.

आता कार्डाच्या पलीकडचं, ज्याकडे तुझ्या वयाची मुलं बघतच नाहीत. कॅबिनेटची बाजू उघड आणि एसएमपीएसवरचं लेबल वाच. '४५० वॉट' हा मोठा आकडा सोड, १२ व्होल्टची ओळ शोध. तिथे ३४ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले ३४, म्हणजे ४०८ वॉट खऱ्या कामाचे. २० अँपिअर असेल तर फक्त २४० वॉट, मग तो एसएमपीएस कार्डाच्या आधी बदलायचा. ५०६० टीआयला एनव्हिडिया ६०० वॉटचा एसएमपीएस सुचवते. त्यातून आठ पिनची केबल निघते का तेही बघ, आणि जुगाडू जोडण्या वापरून काम भागवू नकोस. तुमच्याकडे वीज खाली-वर होते आणि मधेच जाते. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. त्यावर गेम चालवायचा नाही, लाइट गेल्यावर काम सेव्ह करून पीसी बंद करायचा, एवढंच त्याचं काम. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घे. कॅबिनेटमध्ये कार्डाला किती लांबीची जागा आहे ती टेपने मोज, कारण तीन पंख्यांचं कार्ड ३० सेंटिमीटरपर्यंतही जातं. तुला दोन पंख्यांचं पुरे.

खरेदी लॅमिंग्टन रोडला कर नाहीतर ऑनलाइन, पण १८ टक्के जीएसटी लावलेलं पक्कं बिल घे आणि त्यावर कार्डाचा सिरियल नंबर लिहून घे. बिलाशिवाय दोन हजार कमी सांगणारा दुकानदार तुझी वॉरंटी विकत घेत असतो. परदेशातून आणून देतो म्हणणाऱ्यालाही नाही म्हण, कारण त्या कार्डाची वॉरंटी इथे चालेलच असं नाही. खोकं फोडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढ. बसवल्यावर मॉनिटरची केबल मदरबोर्डाला नाही, कार्डाला लाव, आणि विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन ७५ हर्ट्‌झ निवड. ते कित्येकदा ६० वरच राहिलेलं असतं.

एक शेवटचं. नवीन मालिका येतेय म्हणून थांबत बसू नकोस, आणि सेल आज संपतोय म्हणून घाईही करू नकोस. कार्ड निवडल्यावर मला तीन ओळी लिहून पाठव: कोणत्या पडद्यासाठी, कोणत्या कामासाठी, आणि त्यातली कोणती गोष्ट पुढे बदलता येणार नाही म्हणून तू ती आज घेतोयस. तिन्ही ओळी न अडखळता लिहिता आल्या तर बाबांना घेऊन दुकानात जा, मला पुन्हा विचारायची गरज नाही. एखादी ओळ अडली, तर रात्री नऊनंतर फोन कर, आपण दोघं मिळून बघू.

आई-बाबांना नमस्कार सांग.

तुझी,
मावशी