पिकअप गेला? आधी काटा बघा, मग पाकीट उघडा

‘गाडी उचलत नाही’ एवढीच तक्रार घेऊन तीन गॅरेजांत गेलात, तर तीन वेगळी एस्टिमेट हातात पडतात. एकाकडे थ्रॉटल बॉडी साफ करायचे हजार-बाराशे, दुसऱ्याकडे क्लचचे पंधरा हजार, तिसऱ्याकडे ‘अ‍ॅक्च्युएटर गेलाय साहेब’ म्हणून पन्नास-साठ हजार. यातलं कुणी खोटं बोलत असेलच असं नाही. पिकअप जाण्याची कारणं खरोखरच इतकी लांबवर पसरलेली असतात. म्हणून गाडी दाखवायला नेण्याआधी आपण एक निवाडा करून घ्यावा: इंजिन ताकद देत नाही, की दिलेली ताकद गिअरबॉक्स चाकापर्यंत पोचवत नाही, की चाकालाच काहीतरी धरून बसलंय? या निवाड्याला एक रुपयाही लागत नाही, आणि पुढच्या खर्चातला मोठा भाग त्यावरच ठरतो.

पण त्याआधी आपली ‘ऑटोमॅटिक’ नेमकी कुठली ते माहीत हवं. भारतातल्या छोट्या गाड्यांत बहुतेक वेळा एएमटी असते. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर ती आली आणि स्वस्त असल्यामुळे पुढे वॅगनआर, ऑल्टो, टियागो, क्विड अशी पसरत गेली. एएमटीत आत साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधीच क्लच प्लेट असते. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम पायाऐवजी अ‍ॅक्च्युएटर करतो. होंडा जॅझ, अलीकडच्या अमेझच्या ऑटोमॅटिकमध्ये सीव्हीटी, म्हणजे पुली आणि पट्टा. जुन्या आय-टेनच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर. तिघींची दुखणी वेगळी आणि बिलंही वेगळी.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. एएमटी गिअर बदलताना क्षणभर थबकते, ओव्हरटेक करताना पाय दाबला की विचार करून मग पळते. तो तिचा स्वभाव आहे, बिघाड नाही. त्यावर पैसे घालवू नका. तसंच महाबळेश्वरसारख्या साधारण तेराशे-चौदाशे मीटर उंचीवर टर्बो नसलेलं इंजिन दहा-बारा टक्के ताकद गमावतं, कारण हवाच विरळ. एसी चालू आणि गाडीत पाच माणसं असली, की एक लिटरचं इंजिन घाटात दमणारच. पूर्वी गाडी जो चढ सहज चढायची तोच आता चढत नसेल, तरच तक्रार खरी समजा.

आता काटा. मोकळ्या, सपाट रस्त्यावर एएमटी मॅन्युअल मोडमध्ये टाका, चौथ्या गिअरमध्ये ताशी पन्नासच्या आसपास या आणि अ‍ॅक्सिलरेटर ठामपणे दाबा. नजर आरपीएमच्या काट्यावर आणि डिस्प्लेवरच्या गिअरच्या आकड्यावर. हे दोन्ही बघायला शेजारी कुणीतरी बसलेलं बरं. आकडा चारच राहिला, काटा उसळून वर गेला आणि वेग मात्र जागच्या जागी, तर क्लच घसरतोय. सोबत जळका वास आला तर शंकाच नको. याउलट काटाही रडतखडत वर जातो आणि वेगही, तर क्लच बहुधा ठीक आहे, इंजिनकडे बघा. सीव्हीटीला ही परीक्षा लावू नका: तिथे काटा आधी वर जाणं आणि वेग मागून येणं हे रोजचंच. तिथे लक्षण वेगळं, ते पुढे सांगतो. काही स्वस्त मॉडेलांत आरपीएमचा काटाच नसतो. त्यांच्यासाठी पाचशे ते पंधराशे रुपयांचं ब्लूटूथ ओबीडी यंत्र मिळतं. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये खोचलं की मोबाइलवर आरपीएमही दिसतो आणि बिघाडाचे कोडही. २०१३ नंतरच्या जवळपास सगळ्या पेट्रोल गाड्यांत हे सॉकेट असतं.

तिसरी शक्यता सगळे विसरतात: ब्रेक चिकटलाय. कोकणात पावसाळाभर दारात उभी राहिलेली गाडी, तीही हँडब्रेक ओढून, हे त्याचं हक्काचं गिऱ्हाईक. सपाट रस्त्यावर वीसच्या वेगाला न्यूट्रल करा. गाडी लगेच मंदावली तर संशय घ्या. दहा-पंधरा मिनिटं फिरवून आल्यावर चारही चाकांजवळ हात न्या, डिस्कला लावू मात्र नका. एक चाक इतरांपेक्षा भलतंच तापलेलं असेल तर उत्तर मिळालं. कॅलिपर उघडून साफ करून, पिनांना ग्रीस लावायचे पाचशे ते पंधराशे रुपये. टायरमधली हवा कमी असली तरीही गाडी जड चालते; ती तपासणं तर फुकटच.

इंजिनकडे वळलात तर खर्चाचा क्रम पाळा, स्वस्ताकडून महागाकडे. सुरुवात एअर फिल्टरपासून: दोनशे ते पाचशे रुपये, आणि बदलायला स्क्रूड्रायव्हरसुद्धा फारसा लागत नाही. झाकण उघडून स्वतः बघाच. सुगीच्या दिवसांत उंदीर त्यात कापूस, कागद आणि शेंगांची टरफलं भरून संसार थाटतात, आणि जवळच्या वायरीही कुरतडतात. मग स्पार्क प्लग. साधे प्लग शंभर-दीडशेला एक, इरिडियमचे पाचशे ते नऊशे. तीन सिलिंडरच्या गाडीला तीनच लागतात. गाडी झटके देत असेल, मिसिंग मारत असेल, तर प्लगनंतर इग्निशन कॉइल: एक कॉइल दीड ते अडीच हजार. मेकॅनिकनं तिन्ही बदलायला सांगितल्या तर थांबा. संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावून बघितली की बिघाड तिच्याबरोबर सरकतो की नाही ते दहा मिनिटांत कळतं.

थ्रॉटल बॉडी साफ करायला सहाशे ते पंधराशे. काजळी खरंच साचली असेल तर फरक पडतो, पण काढून दाखवल्याशिवाय होकार देऊ नका. ‘डीकार्बनायझेशन’ नावाचं दोन-अडीच हजारांचं पॅकेज मात्र निदान न करता विकलं जातं. मी ते यादीत सगळ्यात शेवटी ठेवेन, आणि बऱ्याचदा तिथपर्यंत जायची वेळच येत नाही.

पेट्रोल कमी पोचत असेल तर गाडी सपाटीवर चालते, चढावर आणि जोरात दाबल्यावर मरगळते. बहुतेक छोट्या गाड्यांत फिल्टर आणि पंप टाकीतच असतात, त्यामुळे काम चार ते नऊ हजारांवर जातं. आधी गेज लावून फ्युएल प्रेशर मोजायला सांगा. मोजमापाशिवाय पंप बदलणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. इथे इ-ट्वेंटी, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा विषय निघतोच. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश. म्हणजे पूर्वीच्या दहा टक्क्यांवरून वीसवर गेल्यानं इंधनातली ऊर्जा तीन टक्क्यांच्या आसपास घटते. ते मायलेजमध्ये जाणवेल. महिन्याभरात पिकअप निम्मा झाला, तर त्याचं खापर मात्र फक्त पेट्रोलवर फोडता येत नाही. गाडी सीएनजीवर असेल तर तुलना त्याच इंधनाशी करा: टियागो एएमटी पेट्रोलवर सुमारे ८६ पीएस देते, सीएनजीवर ७३.

स्कॅनरच्या कोडबद्दल थोडं सावध राहायला हवं, कारण पैसे सगळ्यात जास्त इथे उडतात. पी ०१७१ हा कोड म्हणतो की हवेच्या मानानं इंधन कमी पडतंय. त्याला कारण फुटलेला व्हॅक्यूम पाइप असू शकतो, थकलेला पंप असू शकतो, मळलेला इंजेक्टर असू शकतो. तरीही अनेक ठिकाणी हा कोड दिसला की तीन-सहा हजारांचा ऑक्सिजन सेन्सर बदलून मोकळे होतात. पी ०४२० दिसला की कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं एस्टिमेट येतं, वीस हजारांपासून पुढे कितीही. कन्व्हर्टर खरंच चोंदला असेल तर जास्त आरपीएमला इंजिन गुदमरतं आणि बॅकप्रेशर गेजनं ते मोजता येतं. मोजलेला आकडा जॉबकार्डवर लिहून मागा.

क्लचच घसरत असेल तर एएमटीत प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा सेट मजुरीसह साधारण दहा ते सोळा हजारांत बसतो; कंपनीच्या वर्कशॉपात वरचा आकडा धरा. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये पन्नास-साठ हजार किलोमीटरला प्लेट संपली तर मला नवल वाटत नाही. चढावर ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची सवय असेल तर त्याहून लवकर. खंबाटकी घाटात रांग लागली की ब्रेक दाबूनच उभे राहा, आणि पुढे पुरेशी जागा झाल्यावर एकदम निघा. नवा क्लच बसवल्यावर स्कॅनरनं ‘क्लच लर्निंग’ करावं लागतं, म्हणजे प्लेट कुठे पकडते ते कॉम्प्युटरला नव्यानं शिकवायचं. ज्या गॅरेजकडे तुमच्या गाडीला चालणारा स्कॅनर नाही तिथे हे काम देऊच नका; नवीन क्लच असून गाडी झटके देत राहील. कधी कधी नुसतं लर्निंग पुन्हा केल्यानं, पाचशे ते पंधराशे रुपयांत, जुन्या क्लचवरच गाडी सुधारते. पन्नास हजारांच्या अ‍ॅक्च्युएटरला होकार देण्याआधी लर्निंग, बॅटरीचा व्होल्टेज आणि हायड्रॉलिक प्रकारात तेलाची पातळी, हे तिन्ही तपासून घ्या. कमजोर बॅटरीनं एएमटी अक्षरशः वेड्यासारखी वागते.

सीव्हीटीत लक्षण असं: निघताना थरथर, वेगाबरोबर वाढणारी किणकिण, आणि गाडी तापल्यावर ओढ कमी होणं. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये डी टाकल्यावर दोन-तीन सेकंदांनी धक्का बसून गाडी लागणं, किंवा गाडी एकाच गिअरमध्ये अडकून राहणं. हे दुसरं म्हणजे गिअरबॉक्सनं स्वतःला वाचवण्यासाठी घेतलेला पवित्रा. दोन्हींत आधी तेल. कंपनीनं सांगितलेलंच, दुसरं ‘चालतं’ म्हणून नाही. चार ते सात हजार लागतात, आणि दुखणं लवकर पकडलं असेल तर तेवढ्यावर भागतंही. सीव्हीटी उघडायची वेळ आली तर लाखाच्या आसपासचं बोलणं सुरू होतं. दहा-बारा वर्षांच्या, दोन-अडीच लाखांना विकल्या जाणाऱ्या गाडीवर तो खर्च मी करणार नाही. दुसरं वापरलेलं युनिट मिळतं का ते बघेन, नाहीतर बिघाड सांगून गाडी आहे तशी विकेन.

बिलाबद्दल दोन ओळी. सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, मजुरीवरही तेवढाच. जुन्या दरानं २८ टक्के लावले असतील तर विचारा. एस्टिमेट लेखी घ्या, जुने भाग परत मागा, आणि ‘पिकअप नाही’ ही तक्रार जॉबकार्डवर तुमच्या शब्दांत लिहायला लावा, वेग आणि गिअरसकट. दुरुस्तीनंतर मेकॅनिकला शेजारी बसवून तीच चौथ्या गिअरची परीक्षा पुन्हा करा, आणि पैसे त्यानंतर द्या. तरी वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे विनाशुल्क दाखल करता येते.