पाणबुड्यांचा उबदार पोशाख : शिलाई कारागिरांसाठी एक धडा

देवपूर कुठे आणि समुद्र कुठे, असा प्रश्न शीर्षक वाचून काही वाचकांना पडेल. परंतु आपल्या पांझरेचे पाणी तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. शिवाय महाराष्ट्राच्याच सिंधुदुर्ग जिल्ह्यात, मालवण-तारकर्ली येथे, पाण्याखालचे जग पाहण्यासाठी पर्यटक मोठ्या संख्येने समुद्रात उतरतात. स्कूबा डायव्हिंग शिकविणारी पर्यटन विकास महामंडळाची संस्थाही तारकर्लीस आहे. या लोकांच्या अंगावर असतो तो घट्ट पोशाख म्हणजे वेटसूट. तो रबरी असला तरी शेवटी मापाने बेतलेला आणि सुई-धाग्याने शिवलेला कपडाच आहे. म्हणून त्याची माहिती आपल्या टेलर व कापड व्यापारी बंधूंना असावी, हा या लेखाचा हेतू.

ऊब येते कशी?

धुळ्याचा ४२ अंशांचा उन्हाळा सोसणाऱ्या माणसाला २८ अंशांच्या पाण्यात हुडहुडी भरते, हे खरे वाटणार नाही. पण पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातील उष्णता ओढून नेते. शरीर ३७ अंशांचे, पाणी २८ अंशांचे. तासाभरात फरक जाणवतोच. दिवसातून तीन-चार वेळा पाण्यात उतरणाऱ्या गाईडला तर तो जास्तच जाणवतो.

१९५२ च्या सुमारास ह्यू ब्रॅडनर या अमेरिकन पदार्थविज्ञान शास्त्रज्ञाने यावर उपाय शोधला. अंग कोरडेच राहिले पाहिजे असे नाही, हे त्याने ओळखले. उष्णता अडवितात ते फोमसारख्या रबरात कोंडलेले वायूचे बारीक बुडबुडे. पोशाखाच्या आत शिरलेले थोडे पाणी अंगाच्या उबेने गरम होते आणि पोशाख घट्ट असेल तर तेथेच राहते. सैल असेल तर प्रत्येक हालचालीला गार पाणी आत-बाहेर होते आणि सारी ऊब जाते. म्हणून वेटसूटमध्ये पहिले महत्त्व मापाला आहे. गळा, मनगट, घोटा आणि पाठीची लांबी या चार ठिकाणी माप चुकले की भारी मालही फुकट.

आणखी एक गोष्ट. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे दबून निम्मे होतात आणि ऊब कमी होते. वर येताच ते पुन्हा फुगतात. वर्षानुवर्षे असे दबून-फुगून फोम पातळ पडतो आणि जुना सूट कमी ऊब देतो.

आपल्या समुद्राला किती जाडी?

युरोपच्या थंड पाण्यात ५ ते ७ मिलिमीटर जाडीचे सूट लागतात. मालवण व गोव्याकडील उबदार पाण्यात २ ते ३ मिलिमीटर पुरतात. केवळ ऊन, खडकाचे ओरखडे आणि जेलीफिशचा दंश टाळायचा असेल तर लायक्राचा पूर्ण अंगाचा पोशाखही चालतो. जाड सूट महाग पडतो, अंगाला अधिक तरंगवितो आणि मग कमरेला शिशाची जादा वजने बांधावी लागतात. गिऱ्हाइकाला गरजेपेक्षा जाड माल गळी उतरविण्यात कोणाचेच हित नाही.

शिलाईचे तीन प्रकार

पहिली ओव्हरलॉक. ही स्वस्त, परंतु आतून कड उभी राहते आणि अंगाला घासते. दुसरी फ्लॅटलॉक. हिच्यात दोन्ही कडा सपाट बसतात, ताण चांगला सहन होतो. मात्र सुईची भोके आरपार जातात व थोडे पाणी झिरपते. आपल्याकडील पातळ सुटांना ती उत्तम. तिसरी ब्लाइंडस्टिच. हिच्यात कडा आधी रबराच्या सोल्युशनने चिकटवितात, मग सुई अर्ध्या जाडीपर्यंतच जाऊन त्याच बाजूने बाहेर येते. भोक आरपार नसल्याने पाणी झिरपत नाही. थंड पाण्याच्या सुटांसाठी हीच वापरतात.

टी-शर्ट व ट्रॅकसूट शिवणाऱ्या ज्या कारागिराजवळ फ्लॅटलॉक मशीन आहे, त्याला लायक्राचा पोशाख अवघड नाही. अंग झाकणारा असाच सैलसर पोहण्याचा पोशाख सिडनीच्या अहेदा झानेट्टी यांनी २००४ साली मुस्लिम स्त्रियांसाठी तयार केला आणि तो जगभर गेला, हेही ध्यानात ठेवावे.

समुद्राला न दुखविणारा माल कोणता?

वेटसूटचे नेहमीचे रबर म्हणजे निओप्रीन. अमेरिकेच्या ड्यूपाँट कंपनीने १९३० च्या दशकात ते बाजारात आणले. ते खनिज तेलापासून बनते, त्याचा मूळ पदार्थ क्लोरोप्रीन विषारी आहे, आणि फेकलेले निओप्रीन मातीत कुजत नाही.

'चुनखडीचे निओप्रीन' नावाचा माल जपानमधून येतो. त्यात तेलाऐवजी चुनखडी वापरतात. पण ती भट्टीत भाजायला वीज फार लागते आणि मधला टप्पा पुन्हा क्लोरोप्रीनचाच. तेव्हा नाव बदलले तरी दोष पुरता जात नाही.

तिसरा पर्याय झाडाच्या चिकापासून होणाऱ्या नैसर्गिक रबराचा. अमेरिकेच्या पॅटागोनिया कंपनीने २०१६ साली असे सूट बाजारात आणले. त्यांतही रबराचा ८५ टक्के भाग नैसर्गिक होता, १५ टक्के कृत्रिम. जंगल तोडून लावलेल्या बागेचे रबर नको म्हणून बागेला प्रमाणपत्र लागते. काही माणसांना नैसर्गिक रबराची अ‍ॅलर्जी असते, हे गिऱ्हाइकाला आधी विचारावे. रबराची झाडे आपल्या दोडामार्ग तालुक्यातही आहेत. परंतु चिकापासून फोमची शीट करणे हे कारखान्याचे काम आहे, घरगुती नव्हे.

अस्तरासाठी जुन्या प्लास्टिक बाटल्यांपासून केलेले पॉलिएस्टर मिळते. बाटली वाया जात नाही हे खरे, पण धुताना त्याचेही बारीक तंतू पाण्यात जातातच.

सुरुवात कोठून करावी?

मोठे भांडवल घालून शीट मागविण्याची घाई करू नये. पहिले काम दुरुस्तीचे. भाड्याने दिले जाणारे सूट रोज घातले-काढले जातात. चेन तुटते, गुडघा फाटतो, शिलाई उसवते. चिरलेल्या दोन्ही कडांना सोल्युशनचा पातळ हात द्यावा, वाळू द्यावा, दुसरा हात द्यावा, मग कडा दाबून बसवाव्यात आणि वरून टाका घालावा. जो सूट दोन वर्षे जास्त टिकला, त्याच्यापुरता नवा माल तयार करावा लागला नाही. समुद्राच्या दृष्टीने सर्वांत चांगला कपडा तोच.

एक सावधगिरी मात्र अवश्य घ्यावी. या सोल्युशनमध्ये बहुधा टोल्यूइनसारखे द्रव असतात. त्यांच्या वाफेने डोके दुखते, चक्कर येते, आणि ती वाफ चटकन पेट घेते. घराच्या बंद खोलीत, चुलीजवळ, मुलाबाळांत हे काम करू नये. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. मिळाल्यास पाण्यावर आधारलेले सोल्युशन घ्यावे. कतरण नाल्यात टाकू नये. देवपूरचा नाला पांझरेत आणि पांझरा शेवटी समुद्रातच जाते. त्याच तुकड्यांतून ठिगळे, गुडघ्याचे पॅड, बाटलीची पिशवी निघते.

गिऱ्हाइकालाही सांगावे : प्रत्येक वापरानंतर सूट गोड्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, घडी न घालता रुंद हँगरला टांगा.

खरे सांगून विका

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये काढलेल्या नियमांप्रमाणे 'पर्यावरणपूरक', 'हिरवा' असे मोघम शब्द पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत. म्हणून चिठ्ठीवर साधे लिहावे : रबर कोणते, किती टक्के, जाडी किती, शिलाई कोणती. निओप्रीन असेल तर निओप्रीनच म्हणावे. मालाचा दोष सांगून माल विकणाऱ्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येते. पाण्याखाली उतरणारा माणूस आपल्या टाक्यावर भरवसा ठेवून उतरतो, ही जाणीव प्रत्येक कारागीर बंधूने ठेवावी.