मारका बैल आणि बंदूक

शास्त्रपाठ : निर्गम २१:२८-३२; अनुवाद २२:८

बैलाने मनुष्य मारिला तर अपराध कोणाचा, हा प्रश्न नांगर धरणाऱ्यास नवा नाही. मोशेच्या नियमशास्त्रात त्याचा निर्णय दोन प्रकारे दिला आहे. बैलाने अकस्मात शिंग मारिले तर धनी निर्दोष. परंतु त्यास ती खोड पूर्वीपासून असून, धन्यास ताकीद मिळाली असताही त्याने बैल बांधून ठेविला नाही, तर धनीही दोषी. अनुवादातील वचन याहून पुढे जाते. नवे घर बांधणाऱ्याने धाब्यास कठडा करावा, नाही तर पडून मरणाऱ्याच्या रक्ताचा दोष घरावर येईल. येथे अद्याप कोणी पडलेला नाही. तरी कठडा आधी पाहिजे.

कित्येक देशांतील ख्रिस्ती मंडळ्या बंदुकांवर कडक निर्बंध असावेत अशी सरकारकडे मागणी करितात. मंडळीने प्रार्थना करावी, कायद्याशी तिचा काय संबंध, असे आमचे काही बांधव विचारतात. आमच्या मते उत्तर वरील वचनांतच आहे.

१३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडातील डनब्लेन गावच्या शाळेत एका इसमाने १६ मुले व त्यांची शिक्षिका यांस गोळ्या घालून ठार केले. त्याच्या बंदुका परवान्याच्या होत्या. त्याचा परवाना काढून घ्यावा, असे एका पोलीस अंमलदाराने १९९१ सालीच वरिष्ठांस लिहून कळविले होते. खोड ठाऊक होती, पण दावे कोणी बांधले नाही. पुढे १९९७ साली ब्रिटनमध्ये खाजगी मनुष्यांस पिस्तूल बाळगण्याची मनाई झाली.

१७ जून २०१५ रोजी अमेरिकेतील चार्ल्सटन शहरी, उपासनामंदिरात शास्त्राभ्यासास बसलेल्या ९ जणांस एका परक्याने ठार केले. त्यास त्यांनीच प्रेमाने आपल्यांत बसवून घेतले होते. त्यास पिस्तूल मिळावयास नको होते. परंतु चौकशी तीन दिवसांत पुरी न झाल्यास विक्री करण्यास तेथील कायद्याने दुकानदारास मोकळीक होती. ती फट बुजविण्याचे विधेयक २०१९ साली तेथील प्रतिनिधिसभेत मंजूर झाले, सेनेटात मात्र अडले.

मणिबेलीसारख्या नर्मदाकाठच्या गावास याचे काय, असे कोणी म्हणेल. आपल्याकडील १९५९ चा शस्त्र कायदा शेतकऱ्याचा वैरी नाही; पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना त्यात सांगितलेला आहे. रानडुकरांनी एका रात्रीत उभे पीक लोळविले म्हणजे घरात काय अवस्था होते, हे आम्ही जाणतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका मनुष्याच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणिली, आणि लग्नात वा मिरवणुकीत बेपर्वाईने बार काढणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, ठरविले. (हौसेचा बार काढणाऱ्यास आपण मारके जनावर वरातीत मोकळे सोडले असे वाटत नाही, हेच नवल.) गावठी कट्ट्यास मात्र ना परवाना, ना कठडा.

सरकारच्या दावणीलाही बैल असतो, हे सांगण्यास आम्ही कचरत नाही. मणिबेली हे सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातून प्रथम आलेले गाव. त्याच धरणासाठी चाललेल्या मोजणीस लोकांचा विरोध होता; तेव्हा १९ नोव्हेंबर १९९३ रोजी चिंचखेडी येथे पोलिसांच्या गोळीबारात एक आदिवासी मुलगा मेला. गोळी कोणत्या प्रसंगी झाडावी, आणि झाडल्यावर जाब कोणी द्यावा, हे विचारणे राजद्रोह नव्हे. ताकीद मिळालेल्या धन्यास जो नियम, तोच येथेही.

उपदेशकांनी हा पाठ घेताना प्रथम बैलाची गोष्ट सांगावी व लोकांस बोलू द्यावे. कोणाच्या घरी विनापरवान्याचे शस्त्र आहे असे कळल्यास चारचौघांत न बोलता, मत्तय १८:१५ प्रमाणे त्यास एकांती गाठावे. तो शस्त्र ठाण्यात जमा करण्यास राजी झाला, तर कायदा जाणणाऱ्या एखाद्या वकिलाचा सल्ला आधी घ्यावा, आणि त्या दिवशी त्याला एकट्याला पाठवू नये.