निखाऱ्यावर भाजतांना लावावयाचे दोन रस

पावसाळ्यांत गिरगांव किंवा दादरच्या चौपाटीवर मक्याचें कणीस भाजून देणारा मनुष्य लिंबाची फोड तिखटमिठांत बुडवून कणसावर चोळतो, हें आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिलें असेल. भाजलेल्या पदार्थास आंबट, खारट व तिखट यांची जोड मिळाली म्हणजे त्याची रुचि खुलते. पाश्चात्त्य देशांत याच कामाकरितां तयार रसांच्या बाटल्या विकतात. मुंबईच्या दुकानांतही त्या मिळतात. परंतु त्यांसारखे रस करण्यास लागणारा बहुतेक माल आपल्याच शेतांत पिकतो. म्हणून ते घरीं कसे करावे, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. भाजतांना लावावयाचा रस पातळ व बिनगोडीचा असावा. दाट व गोड रस अगदीं शेवटीं लावावा. पदार्थ आंतून शिजण्यापूर्वींच गूळ निखाऱ्यावर करपतो व कडू होतो. बाहेरून काळा व आंतून कच्चा असा जो प्रकार होतो, त्याचें मूळ बहुधा येथेंच असतें.

पातळ रस.— कोकमाचें आगळ ५० मिलिलिटर, पाणी १०० मिलिलिटर, गोडें तेल ५० मिलिलिटर, ठेचलेला लसूण १० ग्रॅम व तिखट ५ ग्रॅम एकत्र घुसळावें. आगळांत मीठ असतेंच. म्हणून चव पाहिल्यावांचून आणखी घालूं नये. पाण्यानें पृष्ठभाग लवकर करपत नाहीं, तेलानें पदार्थ जाळीस चिकटत नाहीं व मिरचीचा रंग उतरतो. मक्याच्या सालींची जुडी बांधून तिनें हा रस थोडथोडा लावावा. फार लावल्यास तेल निखाऱ्यावर गळून जाळ उठतो. बांगडा, कोंबडी, वांगीं व कणसें या सर्वांस तो चालतो. मासा मात्र आगळांत पाऊण तासाहून अधिक मुरवूं नये. आंबटानें मांस भुसभुशीत होतें. हा रस त्या त्या दिवशींच करावा. तेलांतील कच्चा लसूण बाहेर साठविल्यास त्यांत प्राणघातक विष उत्पन्न होण्याचा संभव असतो.

दाट रस.— १०० ग्रॅम चिंच ३०० मिलिलिटर ऊन पाण्यांत भिजवून कोळ गाळून घ्यावा. त्यांत गूळ १५० ग्रॅम, बेडगीचें तिखट १५ ग्रॅम, मीठ १० ग्रॅम व सिरका ५० मिलिलिटर घालून पळीस लपेटेपर्यंत मंद आंचेवर आटवावें. भांडें पोलादी असावें. बिनकल्हईचें तांब्यापितळेचें वापरूं नये. रस उकळत्या पाण्यांतून काढून वाळविलेल्या बाटलींत भरून शीतकपाटांत ठेवावा व महिन्याचे आंत संपवावा. पदार्थ शिजत आल्यावर शेवटचीं चारपांच मिनिटेंच तो लावावा.

कच्च्या मांसास लागलेली जुडी ज्या वाटींत बुडविली, त्या वाटींतील रस ताटांत वाढूं नये. कच्च्या मांसांतील रोगजंतु त्यांत उतरतात. वाढण्याचा रस आधींच निराळा काढून ठेवावा. कोंबडी तर आंत ७४ अंश सेंटिग्रेडपर्यंत तापली पाहिजे.

आतां पिकविणाराच्या बाजूविषयीं दोन शब्द. उन्हाळ्यांत लालबागच्या मिरची गल्लींत गृहिणी अख्ख्या मिरच्या निवडून घेतात व मसाला डोळ्यांदेखत कुटवून घेतात. रंगासाठीं बेडगी व तिखटपणासाठीं संकेश्वरी किंवा लवंगी, असा त्यांचा हिशेब असतो. यास्तव जातींची भेसळ करणें हें आपलेंच मोल घालविणें होय. मिरची उघड्या मातीवर न वाळवितां स्वच्छ ताडपत्रीवर खडखडीत वाळवावी. ओलसर राहिल्यास बुरशी धरते. तींतील कांहीं बुरशींचें विष साध्या शिजविण्यानें नाहींसें होत नाहीं. चुलीवर कितीही काळजी घेतली, तरी खळ्यांत बिघडलेला माल सुधारत नाहीं, हें शेतकरी बंधूंनीं विसरूं नये.