विहिरीवरील विजेच्या पंपास दूरचें बटण कसें जोडावें

वसईच्या पश्चिम पट्ट्यांत, म्हणजे आगाशी, नंदाखाल, निर्मळ, गास या गांवांकडे, वाडीचें पाणी एके काळीं बावखलावरील किंवा विहिरीवरील रहाटानें निघत असे. रहाटास बैल व बैलामागें माणूस लागे. त्यामुळें यंत्र एकटें चालण्याचा प्रश्नच नव्हता. आतां पंपघर वाडीच्या एका टोकास, घर दुसऱ्या टोकास, आणि घरचा मुलगा सकाळच्या विरार लोकलनें मुंबईस गेलेला, अशी स्थिति असते. म्हणून पंप लांबून चालूं-बंद करण्याची सोय पुष्कळजण करून घेतात. सोय चांगलीच आहे. मात्र जोडणी करतांना मोटार बंद कशी होईल याचा विचार आधीं झाला पाहिजे, आणि नेमका तोच मागें राहतो.

साध्या स्टार्टरमध्यें मोटारीच्या तीन फेज काँटॅक्टर जोडतो व तोडतो. त्याच्या कॉइलमध्यें वीज असेपर्यंतच तो मिटलेला राहतो. हिरवें बटण दाबलें कीं कॉइलला वीज मिळते. बोट काढल्यावर काँटॅक्टरचाच एक लहान संपर्क त्या बटणाच्या बगलेनें ती पुरवीत राहतो. तांबडें बटण एरवीं मिटलेलें असतें. तें दाबलें कीं वाट उघडते व मोटार थांबते. वीज गेली तरी हेंच घडतें, आणि ती परत आल्यावर मोटार आपणहून सुरू होत नाहीं. हा गुण जपण्यासारखा आहे.

घराजवळ दुसरीं बटणें बसवावयाचीं तर तांबडीं सर्व एकापुढें एक, हिरवीं सर्व समांतर जोडावींत. यास तीन तारा पुरतात. स्टार्टरच्या तांबड्या बटणांतून निघालेली पहिली तार घरच्या तांबड्या बटणास न्यावी. त्याच्या दुसऱ्या टोकापासून एक फांटा घरच्या हिरव्या बटणास द्यावा, व दुसरी तार स्टार्टरच्या हिरव्या बटणाच्या आरंभीं परत आणावी. तिसरी तार घरच्या हिरव्या बटणापासून कॉइलच्या टोकास जाते. स्टार्टरमधील तांबड्या-हिरव्या बटणांमधला मूळचा दुवा काढलाच पाहिजे. तो राहिला तर घरचें तांबडें बटण केवळ शोभेचें होतें.

पहिली किंवा दुसरी तार तुटली तर मोटार थांबेल, तें बरेंच. परंतु आवरण फाटून दुसरी व तिसरी एकमेकींस चिकटल्या तर वीज येतांच मोटार फिरूं लागेल. आपल्याकडील खारी हवा व चार महिन्यांचा पाऊस पाहतां केबल अखंड नळींतून न्यावी आणि पावसाळा संपतांच टोकें उघडून पाहावींत. पुष्कळ स्टार्टरांत कॉइल ४१५ व्होल्टची असते. इतका दाब ओल्या ओटीच्या भिंतीवर आणण्यापेक्षां ट्रान्सफॉर्मर व २४ व्होल्टची कॉइल बसवून घेणें शहाणपणाचें.

मोबाईलवर चालणाऱ्या यंत्रासही हाच नियम. त्याचा चालूं करणारा रिले एक-दोन सेकंद मिटून सुटेल असा ठेवावा. तो मिटलेलाच राहिला तर वर सांगितलेला गुण नाहींसा होतो. त्यावरील ‘ऑटो’ची कळ तर मुद्दाम तोच घालविण्यासाठीं असते. विहिरींत फूटव्हाल्व साफ करावयास कोणी उतरला असेल, हें लोकलमधल्या माणसास कसें कळावें? उतरणाऱ्यानें मेन स्विच बंद करून, फ्यूज काढून ते स्वतःजवळ ठेवावे.

वसईस आणखी एक अडचण आहे. किनाऱ्याजवळ गोडें पाणी खाऱ्यावर तरंगत असतें. सिद्धांताप्रमाणें गोड्याची पातळी १ फूट खालावली तर खालचें खारें सुमारें ४० फूट वर चढूं शकतें. यासाठीं विहिरींत तरंगता स्विच सोडून तो तांबड्या बटणांच्याच ओळींत घालावा, म्हणजे विसरलेला पंप ठरल्या पातळीस थांबेल.

काम परवानाधारक वायरमनकडूनच करवावें. तें झाल्यावर मोटार चालूं असतां मेन स्विच काढून पुन्हा लावून पाहावा. ती आपणहून फिरूं लागली तर जोडणी दुरुस्त झाल्यावांचून वायरमनास जाऊं देऊं नये.