चाकांवरच्या घराचा विमा

जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅम्पर व्हॅन करून घेणारे आता बरेच दिसतात. आमचीही तशीच. आत पलंग, ओटा, फ्रिज आणि लिथियम बॅटरी, टपावर सोलर पॅनेल. ऐन पावसाळ्यात आंबोलीला मुक्कामी असताना झाडाची मोठी फांदी टपावर कोसळली. आम्ही सुखरूप राहिलो. पॅनेल मात्र फुटलं, पत्रा दबला, फटीतून रात्रभर पाणी झिरपलं आणि प्लायवूडचे कप्पे फुगून उलले.

सर्व्हेअर तरुण होता, कामात चोख. पत्रा, रंग, काच सगळं त्यानं लिहून घेतलं. पॅनेलकडे बोट दाखवल्यावर त्यानं पॉलिसीचं पहिलं पान माझ्यासमोर धरलं. इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीजच्या रकान्यात शून्य, नॉन-इलेक्ट्रिकलच्या रकान्यातही शून्य. "काका, गाडीचं मी धरतो. आतलं घर यात कुठेच नाही," तो म्हणाला. एजंटानं मागच्या मालकाचे आकडे तसेच पुढे ओढले होते. झालेल्या खर्चाचा जेमतेम तिसरा हिस्सा हाती आला.

म्हणून नव्यानं गाडी करणाऱ्यांना कळकळीनं सांगतो, 'फुल इन्शुरन्स आहे' एवढ्यावर निर्धास्त राहू नका. विमा उतरतो तो आयडीव्हीवर, म्हणजे गाडीच्या जाहीर किमतीवर. ही किंमत दरवर्षी घसरते आणि पाच वर्षांनंतर तर तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवायची असते. त्यात कंपनीतून निघालेली गाडी धरतात, नंतर बसवलेलं सामान नाही. जुन्या गाडीत तर कित्येकदा आतलं काम गाडीपेक्षा महाग पडतं. फ्रिज, पॅनेल, बॅटरी, इन्व्हर्टर यांची किंमत वेगळी लिहून द्यावी लागते. जुन्या टॅरिफप्रमाणे त्यावर किमतीच्या 4 टक्के जादा हप्ता पडायचा, आता कंपनीगणिक फरक असतो. लाखाच्या सामानाला चारेक हजार म्हणजे फार नाही. बिलं जपून ठेवा आणि विमा घेतानाच आतले फोटो कंपनीला मेल करा.

त्याआधीची पायरी आरटीओची. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या रचनेतला बदल आरसी बुकावर चढला पाहिजे आणि तोच विमा कंपनीलाही कळवला पाहिजे. आरसीवर प्रवासी गाडी आणि आत स्वयंपाकघर, असं आढळलं तर दावा सरळ नाकारला जाऊ शकतो. माझ्या मते हे काम एजंटावर सोडूच नये.

झीरो डेप, म्हणजे सुट्या भागांची घट न कापणारं जादा कव्हर, घ्या, पण टायर आणि बॅटरीची घट त्यात बहुधा भरून मिळत नाही, हे विचारून घ्या. कोकणात पावसात फिरणार असाल तर इंजिन प्रोटेक्ट हवंच. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडल्यावर पुन्हा स्टार्टर मारला आणि इंजिनात पाणी गेलं, तर साध्या पॉलिसीत ते नुकसान बसत नाही. नेपाळ-भूतानला जायचं असेल तर भौगोलिक विस्ताराचं कलम आधी जोडून घ्यावं लागतं. लॅपटॉप, कॅमेरा, कपडे यांना साधा मोटार विमा हातही लावत नाही.

ओळखीच्यांना चार दिवस गाडी भाड्यानं देण्याचा मोह अनेकांना होतो. खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर वर्ज्य आहे. अशा वेळी अपघात झाला तर तुमच्या गाडीचं सोडाच, समोरच्याची भरपाईही तुमच्यावर येऊ शकते. पैसे घेऊन गाडी कुणालाही देऊ नका.

दावा अन्यायानं कापला गेला असं वाटलं, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. पुणे आणि मुंबई दोन्हीकडे त्यांची कार्यालयं आहेत, फी लागत नाही, वकीलही लागत नाही. तक्रार मात्र कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत गेली पाहिजे.