बाजार पडला तर दुकान कसं उभं करायचं? गिरणगाव ते वरळी बीडीडी



व्हिडिओमध्ये आपण एक प्रश्न घेतला होता: एखाद्या भागातला रोजगार बुडाला, बाजार थंड पडला, तर तिथे पुन्हा दुकान चालू शकतं का? उत्तर आहे, हो. पण जुनं दुकान जुन्याच पद्धतीने चालत नाही. या लेखात आपण हे आपल्याच वरळी-लालबाग-परळच्या उदाहरणावरून समजून घेऊ आणि मग आकडेमोड करू. वही-पेन जवळ ठेवा, शेवटी गृहपाठ आहे.

आधी काय झालं ते समजून घ्या

गिरणगावाचा बाजार गिरणीच्या भोंग्यावर चालायचा. तीन पाळ्या होत्या, म्हणून तीन वेळा रस्ता भरायचा. चहावाला, पानवाला, वाणी, खानावळ, सगळ्यांचं घड्याळ एकच. माल उधारीवर जायचा, खात्यावर लिहिला जायचा आणि पगार झाला की हिशेब चुकता व्हायचा. दुकानदाराला जाहिरात करायची गरजच नव्हती.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. अनेक कामगार गावी गेले, अनेक गिरण्या पुढे बंद पडल्या. आता दुकानदाराच्या बाजूने विचार करा. रोजचं गिऱ्हाईक तर गेलंच, शिवाय उधारीच्या वहीतला पैसाही अडकला. म्हणजे धंदा दोन्ही बाजूंनी कापला गेला.

नंतर गिरण्यांच्या जमिनींचं नियोजन झालं. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरले: एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ च्या बदलानंतर फक्त रिकाम्या जमिनीचेच वाटे धरायचे ठरले, त्यामुळे पहिले दोन वाटे खूपच लहान झाले. यात एक गोष्ट नीट बघा. वाटणीत मोकळी जागा आहे, घरं आहेत, मालक आहे. गिरणीच्या दारातला छोटा दुकानदार कुठेच नाही. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात मॉल उभा राहिला, कमला मिलच्या आवारात ऑफिसं आणि हॉटेलं आली. रस्त्यावर माणसं परत आली, पण ती वेगळी माणसं होती.

आजचा मुख्य धडा हाच आहे: बाजार परत येतो, पण जुनं गिऱ्हाईक परत येईलच असं नाही. जो नव्या गिऱ्हाइकाला ओळखतो तो टिकतो.

टिकलेल्यांकडून तीन गोष्टी शिका

एक, जागा पक्की करा. लालबागचं उदाहरण घ्या. १९३२ मध्ये पेरू चाळीतला बाजार बंद पडला. तेव्हा जगभर मंदी होती. मासे विकणारे कोळी आणि इतर विक्रेते उघड्यावर बसू लागले. त्यांनी कायमच्या बाजारासाठी नवस केला, पण नुसता नवस करून थांबले नाहीत. स्थानिक मंडळींना सोबत घेऊन पाठपुरावा केला आणि बाजारासाठी जागा मिळवली. नवस फेडण्यासाठी १९३४ मध्ये गणपती बसवला, तोच आजचा लालबागचा राजा. देवाचा भाग श्रद्धेचा. धंद्याचा भाग असा की विक्रेत्यांनी सर्वात आधी जागेचा प्रश्न सोडवला, तोही एकत्र येऊन.

दोन, भांडवल गटाने उभं करा. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायका होत्या. हातात कला होती, पण किराणा भरायला सावकाराकडून पैसे घ्यावे लागत आणि नफा व्याजात जात असे. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. पुढे मंडळाने केटरिंगचं कामही उभं केलं. यातला मुद्दा लक्षात घ्या. कामगार गेला तरी पोळी-भाजीची गरज गेली नाही. पूर्वी कामगार ताटावर येऊन बसायचा, आता डबा ऑफिसात जातो. कला तीच, गिऱ्हाईक आणि पोहोचवायची पद्धत नवी.

तीन, शेजाऱ्याला शत्रू समजू नका. लालबागची चिवडा गल्ली आणि मसाला गल्ली बघा. एकाच मालाची दुकानं शेजारी शेजारी आहेत. नवशिक्याला वाटतं, एवढी स्पर्धा, इथे कोण टिकणार? पण उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करायचा असला किंवा दिवाळीत चिवडा हवा असला, तर लांबच्या उपनगरांतूनही माणूस 'लालबागला जाऊ' म्हणतो. गल्लीचं नाव हीच सगळ्यांची मिळून जाहिरात. आणि गिऱ्हाईक बाहेरून येतं, म्हणून शेजारची गिरणी बंद पडली तरी गल्ला बंद पडत नाही.

परदेशातही हेच दिसतं

२००८ च्या मंदीत ब्रिटनमधली वूलवर्थ्स ही जुनी साखळी बुडाली आणि जानेवारी २००९ पर्यंत तिची आठशेहून जास्त दुकानं बंद झाली. गावोगावच्या मुख्य बाजारपेठा ओस पडू लागल्या. २०११ मध्ये मेरी पोर्टास यांनी सरकारला अहवाल दिला आणि पुढच्या वर्षी निवडक गावांना बाजार सुधारायला निधी मिळाला. एकत्र समिती करा, बाजाराचे दिवस भरवा, या कल्पना चांगल्या होत्या. तरीही बऱ्याच ठिकाणी रिकामी दुकानं भरली नाहीत. भाडं आणि कर तेच राहिले, आणि गिऱ्हाईक मॉलकडे व ऑनलाइनकडे वळलेलं होतं. रंगरंगोटी आणि कार्यक्रमाने एक दिवस गर्दी होते. रोजचा गल्ला भरायला भाडं आणि गिऱ्हाईक यांचं गणित जुळावं लागतं.

आता वरळीत काय चाललंय?

वरळीच्या बीडीडी चाळीत १२१ इमारती. तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. म्हाडा इथे पुनर्विकास करतंय आणि रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरं मिळतायत. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात मेट्रो ३ आचार्य अत्रे चौकापर्यंत आली आणि ऑक्टोबरमध्ये कफ परेडपर्यंत पोहोचली.

धंद्याच्या नजरेने याचा अर्थ काय? चाळीत माणूस दिवसातून दहा वेळा खाली उतरायचा. पाव संपला, खाली. कोथिंबीर हवी, खाली. टॉवरच्या तिसाव्या मजल्यावरून कोणी कोथिंबिरीसाठी लिफ्टची वाट बघत नाही. तो एकदाच उतरतो आणि सगळं घेऊन जातो, नाहीतर फोनवर मागवतो. दुसरीकडे घर मोठं झालंय, त्यामुळे फ्रीज, पडदे, कपाट, दुरुस्ती, मुलांच्या शिकवण्या, अशा नव्या गरजा आल्यात. महिन्याचा मेंटेनन्सही आलाय, म्हणजे हात आखडता राहणार. जुन्याच लोकांमध्ये राहून तुमचं गिऱ्हाईक बदललंय!

आणि इथेच अनेक कुटुंबं मोठा निर्णय घेतात. निवृत्तीचे पैसे किंवा आईचे दागिने मोडून गाळा घेतात. म्हणून आधी हे गणित करा.

गाळा घेण्याआधीचं गणित

आकडे फक्त उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही भरा.

समजा गाळ्याचं भाडं ६०,०००, वीज ६,०००, एक मदतनीस १६,००० आणि इतर खर्च ८,०००. झाले ९०,०००. तुमच्या घरखर्चाला ३०,००० हवेत. एकूण १,२०,०००. शंभर रुपयांच्या विक्रीत ३० रुपये सुटत असतील, तर महिन्याला ४ लाखांची विक्री हवी. २६ दिवस धरले तर रोज सुमारे १५,४००. सरासरी बिल १०० रुपये असेल तर रोज १५४ गिऱ्हाइकं. दुकान बारा तास उघडं असेल, तर तासाला जवळपास १३.

आता तोच माणूस घरून डब्याचा धंदा करतो. ठरलेला खर्च २०,०००, घरखर्च ३०,०००, एकूण ५०,०००. शंभरात ४० सुटत असतील तर विक्री १,२५,००० हवी. म्हणजे रोज सुमारे ४,८००. डबा १२० रुपयांचा असेल तर रोज ४० डबे.

१५४ गिऱ्हाइकं की ४० डबे? कोणतं जमेल हे तुमच्या रस्त्यावर अवलंबून आहे. म्हणून रस्ता मोजायचा.

रस्ता मोजण्याची पद्धत

१. जागेसमोर उभे राहा. सकाळी ८ ते ९, दुपारी १ ते २, संध्याकाळी ६:३० ते ७:३०. एक कामाचा दिवस, एक शनिवार, एक रविवार. एकूण नऊ तास.

२. दोन रकाने करा: नुसते जाणारे आणि हातात खरेदीची पिशवी असलेले. दुसरा रकाना महत्त्वाचा.

३. शेजारच्या चालत्या दुकानात तासाला किती जण जातात ते मोजा. तुमच्या अंदाजापेक्षा हा आकडा खरा.

४. गणपतीच्या किंवा दिवाळीच्या दिवसांत मोजू नका. ती गर्दी वर्षभर राहणार नाही.

५. रस्ता पुढे बदलणार आहे का, ते विचारा. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रभादेवी-परळ जोडणारा एल्फिन्स्टन पूल पाडकामासाठी बंद झाला. असा पूल बंद झाला की दोन्ही टोकांच्या दुकानांसमोरची माणसं बदलतात. मेट्रोचं नवीन दार उघडलं तरी बदलतात. कराराआधी वॉर्ड ऑफिसात चौकशी करा.

लहान सुरुवात, पण कागद पक्के

पथविक्रेता असाल तर २०१४ चा पथविक्रेता कायदा आणि तुमचं प्रमाणपत्र याची माहिती घ्या. लॉकडाऊनमध्ये वरळी कोळीवाडा सील झाला होता, आठवतं ना? त्या काळात हातावर पोट असलेल्यांसाठी जून २०२० मध्ये पीएम स्वनिधी योजना आली. २०२५ च्या बदलानंतर त्यात पहिलं कर्ज १५,०००, वेळेत फेडलं की २५,००० आणि मग ५०,००० मिळू शकतं. दुकान असेल आणि कामगार वीसपेक्षा कमी असतील, तर गुमास्त्यासाठी ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. खाण्याचा पदार्थ असेल तर एफएसएसएआय नोंदणी हवीच. घरून धंदा करणार असाल तर सोसायटीचे नियम आधी वाचा.

आणि गाळा घ्यायचाच असेल तर लॉक-इन किती महिन्यांचं, भाडं दरवर्षी किती वाढणार आणि डिपॉझिट कधी परत मिळणार, हे लेखी घ्या. बाजार पडला तर लॉक-इनमुळे बंद दुकानाचंही भाडं भरावं लागतं.

गृहपाठ

- तुमच्या भागातलं असं एक दुकान शोधा, जे लॉकडाऊननंतरही चाललं. मालकाशी बोला आणि त्यांनी काय बदललं ते लिहा.
- वर सांगितलेले नऊ तास मोजा.
- तुमचे आकडे टाकून रोज किती गिऱ्हाइकं लागतील ते काढा.
- मोजलेली गिऱ्हाइकं लागणाऱ्यांपेक्षा कमी असतील तर तो गाळा सोडा. भाडं कमी करून घ्या, नाहीतर धंद्याची पद्धत बदला.

घरातल्यांसोबत बसून हे गणित करा, कारण पैसा सगळ्यांचा असतो. पुढच्या भागात आपण भाडेकरार ओळीओळीने वाचायला शिकू. तोपर्यंत मोजणी पूर्ण करून ठेवा!